कोपऱ्यावर वळलेली माणसे

दोहा, कतार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

२०२२ साली विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा घुमली, तेव्हा तुम्ही मला हरियाणाचे वारंवार पक्ष बदलणारे आमदार गया लाल यांची १९६७ सालची ‘आया राम, गया राम’ची हकीकत सांगितली होती. पक्ष आणि निष्ठा बदलणाऱ्यांसाठी अरबी राजकारणातही अशी बोचरी नावे पुष्कळ आहेत. इथे माझ्यासोबत काम करणाऱ्या सीरियन आणि इजिप्शियन सहकाऱ्यांच्या तोंडून ती सतत कानावर पडतात.

सध्या सर्वाधिक चालणारा शब्द सीरियाचा आहे: ‘तक्वीअ’, म्हणजे गाडीने रस्त्यावर एकाएकी घेतलेले वळण, आणि तसे वळणारा तो ‘मुकव्विअ’. १९७० पासून सत्तेवर असलेल्या असद घराण्याची राजवट ८ डिसेंबर २०२४ रोजी कोसळली. २००७ च्या सार्वमतात बशर असद यांच्या नावावर ९७ टक्क्यांहून अधिक मते दाखवणाऱ्या त्या राजवटीचे गोडवे वर्षानुवर्षे गाणारे कलाकार, पत्रकार आणि व्यापारी रातोरात विरोधकांच्या तीन ताऱ्यांच्या हिरव्या झेंड्याची छायाचित्रे लावून ‘आम्ही मनातून विरोधकच होतो’ असे सांगू लागले. त्या गर्दीला लोकांनी हे नाव दिले.

इजिप्तमध्ये फेब्रुवारी २०११ मध्ये अध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाल्यावर अशा लोकांना ‘मुतहव्विलून’, म्हणजे रूप पालटलेले, म्हटले गेले. सत्तेची खुशामत करणारा तिथे ‘मुतब्बलाती’, अर्थात ढोलवाला. ट्युनिशियात २०१४ च्या निवडणुकीत ८६ जागा जिंकणाऱ्या ‘निदा तूनिस’ पक्षाचे आमदार पुढे एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ लागले, तेव्हा त्याला ‘पक्षीय पर्यटन’ असे नाव पडले. मोरोक्कोने तर ‘राजकीय भटकंती’ रोखण्यासाठी २०११ च्या राज्यघटनेतच, ६१ व्या कलमात, पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा जाईल अशी तरतूद केली. आपल्या १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याशी तिचे नाते तुमच्या लगेच लक्षात येईल.

मला मात्र ‘मुकव्विअ’ या शब्दाची काळजी वाटते. ज्या देशात गुप्तहेर खात्याच्या भीतीने माणूस घरातही दबक्या आवाजात बोलत असे, तिथे दुकानात अध्यक्षांची तसबीर लावणारा किराणावाला आणि त्याच अध्यक्षांच्या कृपेने कंत्राटे मिळवणारा उद्योगपती या दोघांना एकच नाव देणे मला अन्यायाचे वाटते. किराणावाल्यासाठी ते फार जड आहे. आणि ज्याने शेजाऱ्याविरुद्ध गुप्तहेरांना अहवाल लिहून दिले, त्याच्यासाठी फारच हलके. माझा एक सीरियन सहकारी म्हणतो की, हसून झाल्यावर अशा अहवाल लिहिणाऱ्यांवर खटले चालले पाहिजेत, नाहीतर हेच लोक नव्या दरबारात पुढच्या रांगेत बसतील. मला त्याचे म्हणणे पूर्णपणे पटते. आणीबाणी तुम्ही जवळून पाहिली आहे; भीतीने गप्प बसलेला आणि फायद्यासाठी टाळ्या वाजवणारा यांच्यात त्या वेळी लोकांनी फरक केला होता का, हे सविस्तर कळवावे.

सौ. आईस सा. न., धाकट्यांस आशीर्वाद.

आपला,
सुहास