दोन दमांचा हिशेब

गुहागर,
नारळी पौर्णिमा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग काल रात्री चार वेळा ऐकलं. आई झोपल्यावर पडवीत बसलो, फोन कानाला लावला. पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. सोबत तू लिहिलं होतंस, "बाबा, सगळ्यांसमोर सम चुकली. मोजत बसलं की वाजवणं उरत नाही, आणि मोजलं नाही तर असं होतं. आता अनोळखी माणसाबरोबर मी वाजवणार नाही." सम चुकल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. शेवटच्या वाक्याने मात्र झोप लागली नाही.

आधी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती मला सापडली आहे. तबला मला येत नाही, तुला ठाऊक आहे. पण बावीस वर्षं मुलांना गणित शिकवतोय, तेव्हा वही घेऊन एकेका मात्रेला एक रेघ मारत गेलो. तीनताल, सोळा मात्रांचा फेरा, त्यातली पहिली मात्रा ती सम. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर संपवायचं ते, तू समेवरच उचललीस. बोल 'तिट कत गदि गन धा', पाच मात्रांचा. तीनदा वाजवलास, स्वच्छ वाजवलास. पाच त्रिक पंधरा. तुझा शेवटचा 'धा' पंधराव्या मात्रेवर पडला आणि पुढची सम तर सतराव्या रेघेवर होती. दोन मात्रा आधी तू पोचलीस.

या दोन मात्रा कुठे गेल्या? पहिला 'धा' वाजवल्यावर एक मात्रा थांबायचं होतं, दुसऱ्यानंतर एक. पाच, एक, पाच, एक, पाच: झाले सतरा. बोल एकही चुकला नाही तुझा. घाईत तू दोन्ही दम गिळलेस, एवढंच झालं. दम न घेता वाजवायचंच होतं तर तीच तिहाई तिसऱ्या मात्रेवरून उचलायची, मग बेदमही ती बरोबर समेवर आली असती. वहीत मांडून बघ.

हे सतरा मला कुणी शिकवले ते तुला कधी सांगितलं नाही. तू तेव्हा चौथीत होतीस. दापोलीचं शिबिर आटोपून मी परत येत होतो, दाभोळच्या धक्क्यावर पोचलो आणि डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली. पलीकडे धोपावे दिसतंय, मध्ये वाशिष्ठीचं रुंद पात्र, आणि पुढची बोट येईपर्यंत करायला काही नाही. धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ पखवाज घेऊन बसले होते. धोतर, डोक्याला पंचा. तळकोकणातले, बोली अस्सल मालवणी. भजनाच्या बारीला निघाले होते. त्यांनी टपरीवाल्याकडून मूठभर कणीक मागून घेतली, पाणी शिंपडून मळली आणि पखवाजाच्या डाव्या पुडीवर मधोमध थापली. थाप मारली, ऐकलं. नखाने चिमूटभर कणीक काढली, आवाज किंचित चढला. परत ऐकलं, अर्धी चिमूट परत लावली, आवाज उतरला. मी बघतच राहिलो. इतक्या बारीक हाताने कुणी काही तोलताना मी सोनाराशिवाय कुणाला पाहिलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, काय करता? म्हटलं, मास्तर आहे, गणित शिकवतो. त्यावर ते खुलले. धक्क्यावर कुणीतरी तिसऱ्या (खायचे शिंपले) साफ करून शिंपल्या टाकल्या होत्या, त्या त्यांनी वेचल्या आणि भिंतीच्या कडेने एका ओळीत मांडल्या. मोजल्या, तर सतरा. मी म्हटलं, काका, मात्रा तर सोळाच ना? सतरावी म्हणजे पुढच्या फेऱ्याची पहिली, असं त्यांचं उत्तर. एकदम लक्षात आलं माझ्या. सोळा हात लांब कुंपणाला हाताहातावर खांब पुरायचे तर खांब सतरा लागतात, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. मग त्यांनी पाच शिंपल्या उताण्या ठेवल्या, एक पालथी, पाच उताण्या, एक पालथी, पाच उताण्या. उताणी म्हणजे बोल, पालथी म्हणजे गप्प. बोटाने एकेकीवर टिचकी मारत त्यांनी बोल म्हटले, पालथीवर बोट आलं की ओठ मिटायचे, आणि सतराव्या शिंपलीवर हाताचा तळवा आपटला. अंगावर काटा आला माझ्या. मग त्या दोन पालथ्या उचलून म्हणाले, "ह्यो काढलंस, तर समेर कसो पोचतलस?"

हेच वाक्य काल रात्री मला तुझं रेकॉर्डिंग ऐकताना आठवलं.

बोट येईपर्यंत आम्ही झपताल मांडला. दहा मात्रा, शिंपल्या अकरा: तीन, एक, तीन, एक, तीन. रूपकाच्या सात मात्रा, शिंपल्या आठ: दोन, एक, दोन, एक, दोन. घरी आल्यावर वहीत सूत्र लिहिलं. समेपासून समेपर्यंत तिहाई हवी असेल तर तीन बोल अधिक दोन दम बरोबर आवर्तनाच्या मात्रा अधिक एक. दम एकेकाच मात्रेचा धरला तर सात, दहा आणि सोळा चपखल बसतात. एकतालाच्या बारा मात्रांना एका मात्रेचा दम पुरत नाही, तिथे तीन, दोन, तीन, दोन, तीन असं थांबावं लागतं. आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना नऊ, म्हणजे तीन त्रिक, बेदम. (बोल दुगुनीत घेतला, अर्ध्या मात्रेचा दम धरला की आणखी कितीतरी वाटा फुटतात, ते तुझ्या गुरुजींना विचार.) ती वही अजून माझ्या कपाटात आहे. पुढल्या वर्षी तुला तबल्याला घातलं, ते त्या संध्याकाळमुळे.

मोजलं की वाजवणं उरत नाही, हे मला पटत नाही, बाय. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. 'संगीतरत्नाकर' त्याने लिहिला. हा माणूस पेशाने राजाचा हिशेबनीस. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती तऱ्हांनी मांडता येतील, ते त्याने सांगून ठेवलं आहे: 5040. सात गुणिले सहा गुणिले पाच, असं करत एकपर्यंत ये, मिळेल. खरी गंमत पुढे आहे. त्यातली अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, किंवा समोरच्या मांडणीचा क्रमांक कितवा, हे सगळ्या 5040 न लिहिता काढायची रीतही त्याने दिली. पहिलीला नष्ट म्हणतात, दुसरीला उद्दिष्ट. दिवसा राजाची जमाखर्चाची वही आणि तोच माणूस स्वरांचा विचार करतो आहे, हे चित्र माझ्या फार आवडीचं आहे. आकडे त्याच्या गाण्याच्या आड आले असतील असं मला वाटत नाही.

अनोळखी माणसांचं म्हणशील, तर आणखी एक सांगतो. गेल्या पावसाळ्यात पुढे दरड आली म्हणून आमची गाडी रत्नागिरीला तीन तास उभी होती. समोरच्या बाकावर मुंबईत नर्स असलेली, केरळात घरी निघालेली एक मुलगी. मांडीवर तिचा हात चालला होता: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, परत टाळी, तळवा उलटा, टाळी, तळवा उलटा. आठ. त्यांच्या कर्नाटक संगीतातला आदिताल. मी समोर बसून तीनतालाच्या टाळ्या धरल्या, तिसऱ्या विभागाला खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात, दाखवली. तिने पाहिलं आणि हसली. तिचे दोन फेरे झाले की माझं एक आवर्तन, आणि दर वेळी आमच्या टाळ्या एकत्र पडायच्या. पाचाला तिचा शब्द तदिगिणतोम, आणि एक गोष्ट तीनदा म्हणून संपवायची रीत तिच्याकडेही तीच. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येत नाही, हिंदी दोघांचंही बेताचं. तीन तास कसे गेले कळलं नाही. ठाण्याला नातेवाईक भेटले असते तरी मी इतका वेळ त्यांच्याशी बोललो नसतो.

आता तुझं रेकॉर्डिंग. पहिले तीन वेळा मी फक्त तुला ऐकलं. चौथ्या वेळी तबला सोडून पेटी ऐकली. तू लिहिलंस की लेहऱ्याला, म्हणजे पेटीवर तीच ओळ फिरवत ठेवायला, नवीन मुलगा होता, ओळख नव्हती, त्याच्यासमोर फजिती झाली. तू तुझा 'धा' दोन मात्रा आधी टाकून थांबलीस ना, त्यानंतरचं ऐक. त्याने लेहरा सोडला नाही. लयही हलू दिली नाही, पुढच्या समेचा सूर मात्र भात्यावर जोर देऊन वाजवला, एरवीपेक्षा कितीतरी मोठा. त्याच्या पुढची सम परत तशीच, ठसवून. तुला सम दाखवत होता तो. आणि त्या दुसऱ्या समेला तू ठेका धरलास, अगदी बरोबर धरलास. मग त्याने सूर पुन्हा हलका केला. लाजेच्या भरात तुला हे ऐकू आलं नसेल. मला पडवीत बसून लख्ख ऐकू आलं.

एसटीने कोकमाच्या आगळाची बाटली आणि नारळीभाताचा डबा पाठवलाय, भात त्याच दिवशी संपव. धमाराच्या चौदा मात्रांना समेपासून किती तऱ्हांनी तिहाई बसते ते काढून मला कळव, मला दोन सापडल्या आहेत. आणि पुढच्या शनिवारी क्लासला जाशील तेव्हा त्या मुलाला नाव विचार. दाभोळच्या काकांचं मी विचारलं नाही. बोट लागली, माणसं चढायची घाई झाली, पलीकडे उतरल्यावर ते पखवाज खांद्याला मारून एका टेम्पोत बसून निघूनही गेले.

तुझा,
बाबा