जहाज एक, पण वेळ प्रत्येकाकडे वेगळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बंदराच्या बातम्या वाचल्या की त्यात नवीन क्रेन, मोठा धक्का, किती कंटेनर हाताळले एवढंच असतं. पण जहाज बाहेर अँकर टाकून उभं राहतं ना, त्याचं कारण बऱ्याचदा क्रेन नसतेच, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी कळवायचं राहिलेलं असतं. मी बरीच वर्षं शिप एजन्सीत, म्हणजे बंदरात जहाजमालकाच्या वतीने सगळी व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत, काम केलंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

एक जहाज आत यायचं म्हणजे किती जण लागतात बघा. जहाजाला वाट दाखवत आत आणणारा पायलट, ते ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींचे टगवाले, दोर बांधणारे, टर्मिनल, कस्टम्स, इमिग्रेशन, बंदराचे डॉक्टर, बंकरची (इंधनाची) बार्ज म्हणजे सपाट बोट, रेशन-पाणी देणारा, कचरा उचलणारा, सर्व्हेयर, आणि खलाशी बदलायचे असतील तर त्यांच्या गाड्या आणि विमानाची तिकिटं. मालाचा मालक, जहाज भाड्याने घेणारा चार्टरर, जहाजमालक हे आणखी वेगळे. सगळ्यांच्या मधे एजंट. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, कोणी कोणाचा साहेब नाही. कारखान्यात एक मॅनेजर सगळ्या खात्यांना एकच सिस्टिम वापरायला लावू शकतो, इथे तसं सांगणार कोण?

एकदा एका जहाजाचा बर्थ (धक्क्यावर लागायची जागा) मिळायची वेळ पहाटे ६ वरून ९.३० वर गेली. टर्मिनलच्या स्क्रीनवर नवी वेळ लगेच आली, पण ती स्क्रीन टर्मिनलपुरतीच. मी पायलट ऑफिसला फोन केला, टगवाल्यांना मेल टाकला, बार्जवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, आणि तो मेसेज रात्री कोणी बघितलाच नाही. बार्ज ६ ला येऊन थांबली, तिला पुढचं जहाज होतं म्हणून निघून गेली, आणि आमचं जहाज माल उतरवून झाल्यावरही नुसतं इंधनासाठी रात्रीपर्यंत अडकलं. यात कामचुकार कोणी नव्हतं. प्रत्येकाकडे आपापलं सॉफ्टवेअरसुद्धा होतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या धंद्यात वर्कफ्लोचं, म्हणजे कोणाचं काम कोणानंतर हे सांभाळणारं, सॉफ्टवेअर आणताना आधी सगळ्यांनी फक्त वेळा शेअर कराव्यात. दर नको, गिऱ्हाईकं नको, मालाचे कागद नंतर बघू. अंदाजे वेळ कोणती, ठरलेली कोणती, प्रत्यक्षात झालेली कोणती, ती कोणी टाकली आणि कधी बदलली, हे सगळ्यांना एकाच जागी दिसलं आणि वेळ बदलली की त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला आपोआप निरोप गेला आणि त्याने 'बघितलं' असं दाबेपर्यंत ते काम लाल दिसत राहिलं, तर माझी ती बार्ज परत गेली नसती.

सगळंच एकदम शेअर करायला गेलं की काय होतं ते ट्रेडलेन्सच्या बाबतीत दिसलं. मर्स्क ही मोठी जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये काढलेला, मालवाहतुकीची माहिती सगळ्यांनी शेअर करायचा तो प्लॅटफॉर्म तंत्रज्ञानात कमी नव्हता, पण धंद्यातल्या सगळ्यांचं जेवढं सहकार्य हवं होतं तेवढं मिळालं नाही आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. प्रतिस्पर्ध्याच्या घरात आपली वही कोण ठेवणार, मला तरी यात नवल वाटलं नाही.

या वेळांमागे पैसाही असतो. जहाज पोचून नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे 'आम्ही तयार आहोत' अशी सूचना, दिली की लेटाइमचं (माल चढवा-उतरवायला ठरलेल्या वेळेचं) घड्याळ चालू होतं, ते संपलं की डेमरेज, म्हणजे जहाजमालकाला उशिराची भरपाई, त्यामुळे बर्थ रिकामा नाही हे माहीत असूनही जहाज जोरात पळवत आणतात आणि मग बाहेर उभं करतात. इंधनाचा खप साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग १० टक्के कमी केला तरी तासाचं इंधन पाव भागाहून जास्त वाचतं. बिम्को या आंतरराष्ट्रीय शिपिंग संघटनेने २०२१ मध्ये वेळेवरच पोचण्याचं कलम तयार केलंय, ते करारात घातलं नाही तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी कॅप्टन पळवणारच, त्याचा दोष नाही.

सरकारी बाजूला थोडं झालंय. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमाने १ जानेवारी २०२४ पासून सदस्य देशांच्या बंदरांत मेरिटाइम सिंगल विंडो बंधनकारक आहे, म्हणजे सरकारी खात्यांना माहिती एकाच ठिकाणी, एकदाच द्यायची. पण टर्मिनल, एजंट, चार्टरर यांचे फॉर्म त्यात येत नाहीत, खलाशांची तीच यादी पुन्हा पुन्हा टाइप होते, पासपोर्टचा एक आकडा चुकला तर एका ठिकाणी सुधारतो आणि तीन ठिकाणी तसाच राहतो. आणि हे टाइप करणारा माणूस कोण? जहाजावरचा ऑफिसर, ज्याला नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, आणि बंदराच्या दिवशी ती कशी मिळते ते जहाजावरच्या कोणालाही विचारा. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

अजून एक, सगळं एका सिस्टिमवर टाकलं आणि तीच बसली तर काय करायचं हे आधी ठरवायला हवं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या कॉम्प्युटर व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्कची कॉम्प्युटर यंत्रणा कोलमडली आणि त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यामुळे आजच्या वेळांची यादी प्रत्येकाकडे उतरवलेली असावी, फोन नंबरसकट. आणि समुद्रात इंटरनेट कधी असतं कधी नसतं, तेव्हा फॉर्म ऑफलाइन भरून ठेवता आला पाहिजे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एकदा तरी पहाटे बर्थ बदलतो तेव्हा एजंटच्या शेजारी बसून बघावं, मग कुठला निरोप कोणाला जायला हवा ते त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

आपला,
शिपिंगमधला एक वाचक