लग्नाच्या वस्तूंसाठी बडोद्यात छोटे संग्रहालय हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जरीची वस्त्रे वजनावर विकत घेणारे फेरीवाले रावपुरा, दांडिया बाजार भागात अजूनही येतात. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्यामुळे शालू जाळून चांदी काढणे त्यांना परवडते, आणि कपाटातली अडगळ जाऊन चार पैसे आले म्हणून घरच्यांनाही बरे वाटते. या व्यवहारात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. परंतु बडोद्यातील मराठी घरांच्या लग्नकार्याचा पुरावा त्यात थोडाथोडा भट्टीत जातो आहे, म्हणून तो सांभाळण्यापुरते एक छोटे संग्रहालय येथे व्हावे, अशी सूचना या पत्राद्वारे करू इच्छितो.

राजघराण्याचे वैभव पाहायला महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे. मी म्हणतो त्या वस्तू संस्थानातील कारकून, शिक्षक आणि दुकानदार यांच्या घरातल्या आहेत: बाशिंग, मुंडावळ्या, कुंकवाने स्वस्तिक रेखलेला अंतरपाट, छापील मंगलाष्टके, आहेराच्या वह्या आणि मुख्य म्हणजे रुखवत. आमच्या नात्यातील एका घरी काचमण्यांचे तोरण आहे. त्यावर ओळीने पोपट विणलेले असून शेवटच्या दोन पोपटांच्या चोची गुलाबी आहेत, कारण लाल मणी संपले आणि लग्नाची तिथी काही थांबणार नव्हती. ते विणणाऱ्या मुलीच्या हातचे दुसरे काहीही आज शिल्लक नाही. दागिने निदान वाटणीत तरी टिकतात. तोरणाला मात्र कोणी वारस नसतो.

हे संग्रहालय केवळ मराठी असू नये, असेही मला वाटते. मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून आपली नवरी गौरीहरापुढे बसते, तर गुजराती नवरीचे लाल काठांचे पांढरे पानेतरही मामाकडूनच येते. शेजारी राहून पिढ्या गेल्या, तरी ही दोन वस्त्रे एका काचेमागे कधी मांडलेली मी पाहिली नाहीत. शिवाय केवळ नटवी हौस मांडूनही भागणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा याच संस्थानात केला. एखाद्या जुन्या चोळीचा किंवा हिरव्या बांगड्यांचा लहानसा घेर पाहून तो का करावा लागला, हे शाळकरी मुलांनाही न सांगता कळेल.

इमारतीची घाई नको. एखाद्या जुन्या वाड्यातील दोन कोरड्या, कमी उजेडाच्या खोल्या आरंभाला पुरेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी मराठी मंडळांच्या मदतीने घरोघरी जाऊन आधी नोंदवही करावी. वस्तू कोणाच्या लग्नातली, कोणी केली वा कोठून आणली आणि पुढे कोणी वापरली, एवढे लिहून छायाचित्र घेतले, तर मूळ वस्तू घरीच राहिली तरी चालेल. देणगी म्हणून कायमची मागितली की लोक बिचकतात आणि ते स्वाभाविकही आहे. ठरावीक मुदतीसाठी, रीतसर पावती देऊन मागावी. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या वस्तू जमवण्याच्या वेडातून उभे राहिले. बडोद्यात तसे एकट्याचे वेड नसले, तरी अनेकांचे थोडेथोडे सहकार्य मिळण्यास हरकत नसावी.

तोवर ज्यांच्याकडे जुना शालू आहे त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळावा, वरचेवर घडी बदलावी, जरीवर अत्तर लागू देऊ नये, आणि नेसणारीचे नाव व लग्नाचे साल चिठ्ठीवर लिहून मलमलीच्या बाहेरच्या बाजूस टाचून ठेवावे. घरातल्या ज्येष्ठ बायकांना ही नावे अजून पाठ आहेत, तेव्हा चिठ्ठीचे काम याच सुट्टीत उरकून घ्यावे.

आपला,
एक वाचक
रावपुरा, बडोदे