ग्रीक भांड्यांवरचा काळा रंग हा रंग नव्हेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला प्राचीन ग्रीक कलेवरचा लेख वाचला. छायाचित्रांची निवड उत्तम आहे. मजकुरात मात्र ‘ग्रीक मन जागे झाले आणि कला बदलली’ असा सूर लागला आहे, तो आम्हाला पटत नाही. भट्टी, खाण आणि परांची यांची अडचण जिथे जिथे आली, तिथे तिथे ही कला बदलली. ते वगळले की शैलींची नुसती नावे हाती उरतात.

भांड्यांपासून सुरुवात करू. त्यांवर ‘काळा रंग दिला जाई’ असे लेखात म्हटले आहे. अथेन्सच्या भांड्यांवर काळे दिसते तीही मातीच. तिथल्या मातीत लोह भरपूर. ती पाण्यात कालवून, त्यात राखेसारखा क्षार मिसळून ठेवली की जाड कण तळाशी बसतात आणि अतिसूक्ष्म कण वर तरंगत राहतात. वरचे पाणी काढून आटवले की लेप तयार. भांडे चाकावर घडवायचे. मान, बूड, कान वेगळे करून माती अर्धी सुकल्यावर जोडायचे. घोटून गुळगुळीत करायचे आणि मग या लेपाने चित्र काढायचे. त्या वेळी लेप आणि अंग यांच्या रंगात फारसा फरक नसतो. काळे-तांबडे ठरते ते भट्टीत, एकाच भाजणीच्या तीन टप्प्यांत. आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे. सगळे भांडे लाल होते. मग झरोके बंद करून ओले लाकूड घालायचे आणि उष्णता ९०० ते ९५० अंशांच्या घरात न्यायची. प्राणवायू तुटल्याने लोहाचा लाल ऑक्साइड काळा होतो, सगळे भांडे काळे पडते आणि सूक्ष्म कणांचा लेप वितळून काचेसारखा होतो, म्हणजे त्याची छिद्रे मिटतात. शेवटी उष्णता थोडी उतरू देऊन झरोके पुन्हा उघडायचे. भांड्याचे अंग सच्छिद्र, त्यात हवा शिरते आणि ते परत तांबडे होते. लेप मिटलेला, म्हणून तो काळाच राहतो.

यात बिघडण्यासारखे पुष्कळ आहे, आणि बिघडलेल्या भांड्यांवर ते वाचता येते. लेप पातळ बसला तर काळ्याऐवजी तपकिरी उमटतो. दुसऱ्या टप्प्यात उष्णता फार चढली तर अंगही मिटते आणि भांडे करडे राहते. झरोके फार लवकर, तापमान चढे असतानाच उघडले तर लेपसुद्धा लाल होऊ लागतो. एकावर एक रचलेल्या भांड्यांत वरच्याचे बूड टेकते तिथे धूर पोहोचत नाही आणि गोल तांबूस डाग राहतो. म्हणूनच भट्टीतून मध्येच बाहेर काढून पाहण्यासाठी लेप लावलेले खापराचे तुकडे आत ठेवत. असे नमुने अथेन्समध्ये सापडले आहेत.

कोरिंथ या ग्रीक शहरात इ. स. पू. सातव्या शतकात रुळलेल्या काळ्या आकृतींच्या पद्धतीत स्नायू, केस, वस्त्राच्या चुण्या या सगळ्या टोकदार हत्याराने लेप खरवडून काढाव्या लागत. खरवडलेली रेघ एकाच जाडीची आणि ताठ. इ. स. पू. ५३०-५२० च्या सुमारास अथेन्समध्ये कुणीतरी बाजू उलटवली: पार्श्वभूमी काळी भरली, आकृती मातीच्या रंगाची सोडली आणि तपशील कुंचल्याने काढले. लेप दाट घेतला तर उठावदार काळी रेघ, पातळ केला तर सोनेरी-तपकिरी छटा. वळणारी पाठ, तिरका दिसणारा पाय हे सगळे यानंतर भराभर येते. एका बाजूला जुनी आणि दुसऱ्या बाजूला नवी पद्धत असलेली भांडीही त्याच काळातली आहेत. पुरवणीत त्यातल्या एकाचे छायाचित्र हवे होते.

शिल्पांबद्दल थोडक्यात. संगमरवर दाब सोसतो, ताण नाही. पुढे काढलेला हात मोडतो आणि सगळा भार घोट्यांवर येतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला इ. स. पू. ५९० च्या सुमाराचा संगमरवरी तरुण हात मांड्यांना चिकटवून उभा आहे तो इजिप्तकडून घेतलेल्या ठेवणीमुळे, तसाच दगडाच्या या मर्यादेमुळेही. तरी इजिप्शियन कारागीर पायांमध्ये ठेवत तो दगड ग्रीकांनी काढून टाकला. हात मोकळे झाले ते पोकळ ब्राँझमुळे. साच्याला आतून काही मिलिमीटर मेण, आत मातीचा गाभा, बाहेर मातीचे कवच. मग मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचे. गाभा आणि कवच यांना जोडणारे धातूचे खिळे आवश्यकच. ते नसतील तर मेण वाहून गेल्यावर गाभा सरकतो, एका बाजूचा पत्रा पातळ होतो आणि भोक पडते. डोके, हात, पाय वेगळे ओतून, वितळलेल्या ब्राँझनेच सांधत. फुगे आलेली जागा चौकोनी कापून ठिगळ बसवत. ग्रीसमधल्या आर्टेमिसिऑनच्या समुद्रातून निघालेला, इ. स. पू. ४६० च्या सुमाराचा २.०९ मीटर उंच देव दोन्ही हात पसरून उभा आहे. ही ठेवण दगडात टिकली नसती.

ब्राँझ पुढच्या लोकांनी वितळवले. त्यामुळे पॉलिक्लिटस या ग्रीक शिल्पकाराचा भालाधारी आपण पाहतो तो रोमन काळातल्या संगमरवरी नकलांत. लेखात त्याच्या पायामागच्या झाडाच्या बुंध्याला ‘निसर्गप्रेमाचे प्रतीक’ म्हटले आहे! तो नक्कल करणाऱ्याने वजन पेलण्यासाठी दिलेला टेकू आहे. ‘शुभ्र सौंदर्या’चेही तसेच. ही शिल्पे रंगवलेली असत. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या शिल्पांवर ‘इजिप्शियन निळा’ या रंगद्रव्याचे कण २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने दाखवून दिले. लाल प्रकाश टाकला की हा निळा अवरक्त किरण सोडतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारा अंशही कॅमेऱ्यात येतो. त्याच संग्रहालयात १९३७-३८ मध्ये ही शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली होती, हेही सांगायला हवे.

देवळांच्या ‘काटेकोर सरळ रेषां’बद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल. इ. स. पू. ४४७ ला सुरू झालेल्या पार्थेनॉनचा चौथरा सुमारे ६९.५ बाय ३०.९ मीटर. तो मध्यभागी फुगलेला आहे: लांब बाजूला सुमारे ११ आणि आखूड बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर. खांब आत कललेले, कोपऱ्यातले इतरांहून किंचित जाड. याचा अर्थ खांबाचा सर्वांत खालचा गोल ठोकळा पाचरीसारखा, प्रत्येक जागी वेगळ्या मापाने घडवावा लागे. खांबांच्या पन्हळी (उभ्या खोबणी) शेवटी, खांब उभे राहिल्यावर कोरत, कारण वर चढवताना धारा फुटतात. सिसिलीतल्या सेजेस्टा येथील अर्धवट राहिलेल्या देवळाचे खांब अजून बिनपन्हळीचे आहेत, पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटेही तसेच.

पार्थेनॉन ज्या डोरिक पद्धतीचे आहे, त्या पद्धतीची खरी डोकेदुखी कोपऱ्यात होती. शिरपट्टीवरचा तीन पट्ट्यांचा ठोकळा प्रत्येक खांबाच्या मध्यावर हवा, दोन खांबांच्या मधोमध एक हवा आणि पट्टीचा शेवटही त्यानेच व्हायला हवा. तुळई ठोकळ्यापेक्षा रुंद असल्यामुळे कोपऱ्यातला ठोकळा खांबाच्या मध्यावर बसत नाही आणि शेजारची चौकट लांबते. उपाय म्हणजे कोपऱ्यातला खांब आत घेणे. पार्थेनॉनमध्ये शेवटचे अंतर इतरांपेक्षा सुमारे ६० सेंटिमीटरने कमी आहे. आयोनिक या दुसऱ्या ग्रीक बांधणीपद्धतीच्या सलग पट्टीत ही भानगडच नाही.

या बांधणीत चुना नाही. दगडाला दगड लोखंडी आकड्यांनी जोडत आणि भोवती शिसे ओतत. शिसे मऊ असल्याने हादरा सोसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने केलेल्या पार्थेनॉनच्या डागडुजीत नवे लोखंडी आकडे बसले, पण शिशाविना. लोखंड गंजले, फुगले आणि त्याने अडीच हजार वर्षांचा संगमरवर फोडला. १९७५ मध्ये या वास्तूंच्या जतनासाठी स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली ते काढून आता टायटॅनियम वापरतात: ते गंजत नाही, आणि उष्णतेने त्याचे प्रसरण संगमरवराच्या जवळपास होते.

एक विनंती. पुढच्या भागात प्रत्येक छायाचित्राखाली साहित्य, उंची, सापडल्याची जागा आणि ‘मूळ’ की ‘रोमन नक्कल’ एवढे छापावे. त्याला ओळभरापेक्षा जास्त जागा लागत नाही.

कळावे,
आपले,
प्राचीन कलेचे अभ्यासक वाचक