वीणा गळ्यात घातलीत, त्याबद्दल

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा मोबाइल बोलण्यापुरताच, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड्यावर लिहितोय. नातू वाचून दाखवेल. वारीत सासवडला मी जे केलं ते चारचौघांत केलं, मग आभार तेवढे कोपऱ्यात बोलावून कशाला?

पुणे ते सासवड, ३२ किलोमीटर, दिवेघाट, वर एकादशीचा उपास. टँकरपाशी रेटारेटी सुरू झाली आणि माझ्यातला सुपरवायझर जागा झाला. कंपनीत ६० माणसं हाताखाली. वही काढली, नावं लिहिली, नंबर लावले. आपला मृदंगवाला पोरगा कळशी घेऊन मध्येच शिरला, त्याला सगळ्यांदेखत झापलं. तंबूत ताप आलेल्या आजींसाठी तो पाणी नेत होता, हे मला नंतर कळलं. त्यानं कळशी खाली ठेवली आणि निघून गेला.

रात्री कुणी भांडलं नाही. सगळे 'माऊली' म्हणूनच हाक मारत होते. फक्त खिचडीच्या पंगतीत माझ्यापाशी आल्यावर गप्पा थांबायच्या. कंपनीत अशा शांततेला मी वीस वर्षं शिस्त म्हणत आलो होतो.

तुम्ही सगळं पाहिलं होतंत. तरी ना समजावलंत, ना त्या पोराला माझ्यापुढे आणून उभं केलंत. तंबूच्या दाराशी, जिथं रात्रभर ओल येते, तिथली तुमची वळकटी तेवढी माझ्या शेजारी सरकवलीत आणि घोरायला लागलात. वीणेकरी, म्हणजे दिंडीतला सगळ्यात मानाचा माणूस, दाराशी का झोपतो, हे तेव्हा कुठे मला दिसलं.

दिंडीत उतरंड नसते, असं म्हणणाऱ्यांनी वारी लांबूनच पाहिली असणार. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, त्यामागे वीणा, वीणेमागे तुळस घेतलेल्या बाया. माऊलींचा सोहळा ज्यांनी असा लावून दिला ते हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरचे सरदार. ते वळण अजून दिसतं. (बायांनी वीणेच्या मागेच का, हे मी विचारलं होतं. तुम्ही हसून टाळलंत. तेवढ्याबद्दल आभार नाहीत.)

तर जेजुरीची वाट. सासवड सोडून तासभर झाला असेल. तुम्ही थांबलात, गळ्यातली वीणा काढलीत आणि माझ्या गळ्यात घातलीत. माझी माळ जेमतेम वर्षाची! आधी तुम्ही माझ्या पाया पडलात, मग मी तुमच्या. ७८ वर्षांचा माणूस वाकलेला बघून पाय मागे घ्यावेसे वाटले, पण घेता येईनात. मग ओळीनं एकेक जण आला. पाचवा की सहावा तो पोरगा. तोही वाकला. मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला झोंबलं. तुम्ही कानाशी म्हणालात, "पाया वीणेच्या पडतात. तू नुसती खुंटी."

वीणेकऱ्याला पुढच्या सगळ्यांच्या पाठी दिसतात, अण्णा. कोण लंगडतंय, कुणाचा टाळ मंद पडलाय, कुणाचं पोट बिघडलंय. बोलायचं मात्र नसतं, झंकार सोडायचा नसतो. दोन तास मी कुणालाही काही सांगू शकलो नाही. दिंडी माझ्यावाचून नीट चालली.

आणि त्या संध्याकाळची समाज आरती. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या, हजारो टाळ वाजताहेत, सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड वर केला आणि आवाज कापल्यासारखा थांबला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, यांना कळलं नाही की काय? तुम्ही म्हणालात, "त्यांची तक्रार आहे. तक्रार असली की वाजवत राहायचं." चोपदार स्वतः चालत त्यांच्याकडे गेले, ऐकून घेतलं, तिथल्या तिथे मिटवलं, आणि मग टाळ थांबले. पुढे हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, उद्याची वेळ सांगितली, आरती झाली. मी मात्र त्या वाजणाऱ्या टाळांपाशीच अडकलो होतो. जो गप्प बसत नाही त्याच्याकडे सगळ्यात मोठ्या माणसानं उठून जायचं! आमच्याकडे मीटिंगमध्ये "कुणाला काही अडचण?" असं मी उभ्या उभ्या विचारतो, दोन सेकंद थांबतो आणि वही मिटतो.

रात्री पोराकडे गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्यानं ऐकूनच घेतलं नाही. मृदंगाला लावायची कणीक माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "मळा जरा, सैल नको." मळली. सैलच झाली. त्यानं परत मळायला लावली.

आता शिफ्ट संपताना मी मशीनपाशी जाऊन बसतो. पहिला महिना कुणी बोललं नाही. मग एका हेल्परनं सांगितलं की नाइट शिफ्टला माझ्या केबिनसमोरचा पंखा सोडला तर एकही चालत नाही.

अण्णा, रजेचा अर्ज टाकलाय. वीणेची गवसणी खालच्या बाजूनं उसवली होती, तिचं माप मी निघताना घेऊन ठेवलं होतं. नवी शिवून तयार आहे, जाड कापडाची, आतून अस्तर लावून. आळंदीला येतानाच आणतो.

आपला,
सासवडचा वहीवाला