गाजलेला हल्ला आणि घातक हल्ला

महोदय,

मे 2016 मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकर गटाने ‘ऑपरेशन इकारस’ नावाने मध्यवर्ती बँकांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेचे संकेतस्थळ बनावट विनंत्यांच्या लोंढ्याने काही मिनिटे बंद पडले आणि त्याची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर, कसलाही गाजावाजा न करता, स्विफ्ट प्रणालीतून (बँका एकमेकींना पैसे पाठवण्याचे आदेश देतात ते आंतरराष्ट्रीय संदेश-जाळे) खोटे आदेश पाठवून लांबवण्यात आले होते. संकेतस्थळे बंद पाडण्याचे समर्थन मी करत नाही, कारण त्याचा त्रास धोरणकर्त्यांपेक्षा (ज्यांच्यावर राग असतो) सामान्य ग्राहकालाच अधिक होतो. तथापि बँकांनी पैसा आणि लक्ष प्रथम देयक-प्रणाली (पैसे पाठवणारी यंत्रणा) बँकेच्या इतर संगणक-जाळ्यापासून विलग ठेवण्यावर खर्च करावे.

— एक वाचक