बायबलमधील नावांचे अर्थ एका विशेषणात मावत नाहीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांसाठी बायबलमधील नावांची यादी अर्थांसह छापून आली. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने मी ती उत्सुकतेने वाचली आणि वाचून अस्वस्थ झालो. प्रत्येक नावापुढे एकेक गोड विशेषण आहे : राहेल म्हणजे निष्पाप, दबोरा म्हणजे मधुरभाषिणी, मीखाएल म्हणजे देवतुल्य. यातील शेवटचा अर्थ तर मुळाच्या अगदी विरुद्ध आहे. मीखाएल हा हिब्रू भाषेतील एक प्रश्न आहे, ‘देवासारखा कोण आहे?’, आणि त्याचे अपेक्षित उत्तर ‘कोणीही नाही’ असे आहे. ज्या नावात माणसाला नम्र व्हायला सांगितले आहे, त्याच नावाच्या मुलाला आपण ‘तू देवासारखा आहेस’ असे शिकवणार आहोत का?

राहेल म्हणजे मेंढी आणि दबोरा म्हणजे मधमाशी. कळप हेच ज्यांचे धन होते, त्या लोकांना मुलीला मेंढी म्हणण्यात कसलाही कमीपणा वाटत नव्हता, तेव्हा तो अर्थ आपण का लपवावा? दबोरा तर बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकात ताडाच्या झाडाखाली बसून लोकांचा न्यायनिवाडा करते आणि सेनापतीला लढाईवर पाठवते. अशा स्त्रीच्या नावात मधाबरोबर मधमाशीची नांगीही असू द्यावी.

हिब्रू नावांपैकी पुष्कळ नावे म्हणजे छोटी वाक्येच आहेत, आणि त्यांतील ‘एल’ व ‘याह’ किंवा ‘यो’ हे अंश देववाचक आहेत. दानीएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश आहे’, एलीया म्हणजे ‘याह हाच माझा देव’, योनाथान म्हणजे ‘याहने दिले’, तर योहान म्हणजे ‘याहने कृपा केली’. आमच्या घरी नातवंड येणार होते तेव्हा मुलगा झाल्यास योहान आणि मुलगी झाल्यास हन्ना असे ठरवण्यापूर्वी बरीच ओढाताण झाली. एक नाव सुनेच्या आवडीचे, दुसरे माझ्या पत्नीच्या. शेवटी शब्दकोश उघडला तेव्हा दिसले, की दोन्ही नावे कृपा या अर्थाच्या एकाच हिब्रू धातूपासून आलेली आहेत. त्या रात्री दोघी एकाच पानावर बोट ठेवून बसल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. पुढे मुलगी झाली आणि हन्ना हे नाव ठेवताना कोणाचाच आग्रह मोडल्यासारखे वाटले नाही.

काही नावांचा अर्थ मात्र शब्दकोशातूनही पुरता कळत नाही, त्यासाठी प्रसंगच वाचावा लागतो. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात राहेल वाटेतच बाळंत होते आणि प्राण जाता जाता मुलाचे नाव बेनओनी, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा मुलगा’, असे ठेवते. बाप याकोब मात्र त्याला बन्यामीन म्हणतो, ‘उजव्या हाताचा मुलगा’. आईच्या मरणाचे ओझे त्या मुलाने जन्मभर नावात वाहू नये असेच बापाच्या मनात असावे, असे मला तो भाग वाचताना नेहमी वाटते. इसहाकाचेही तसेच आहे. यादीत त्याच्यापुढे ‘आनंदी’ असे लिहिले आहे, पण नावाचा अर्थ ‘तो हसतो’ असा असून, म्हातारपणी मूल होणार हे ऐकून आधी बाप अब्राहाम हसला आणि मग तंबूच्या दाराशी ऐकत असलेली आई सारा मनातल्या मनात हसली, ते अविश्वासाचे हसू त्यात आहे. मूल झाल्यावर तेच हसू खऱ्या आनंदाचे झाले.

शिवाय बायबलमधील सगळीच नावे हिब्रू नाहीत. थोमा म्हणजे जुळा आणि मार्था म्हणजे घरधनीण, ही दोन अरामी, म्हणजे हिब्रूच्या जवळच्या एका भाषेतील आहेत. पेत्र म्हणजे खडक, हे ग्रीक असून त्याचेच अरामी रूप केफा आहे. आणि जेथे अभ्यासकांचे एकमत नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. मोशे हे नाव ‘पाण्यातून बाहेर काढलेला’ या अर्थाशी ‘निर्गम’ या पुस्तकात (२:१०) जोडले आहे, पण अनेक अभ्यासक ते मुलगा या अर्थाच्या मिसरी (प्राचीन इजिप्तच्या भाषेतील) शब्दावरून आलेले मानतात. मरीया या नावाचे तर कडू, प्रिय असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ सांगितले जातात, तरी यादीत त्यातला एकच निश्चित म्हणून दिला आहे.

माझी विनंती एवढीच, की अशी यादी पुन्हा छापताना नावाची मूळ भाषा, पूर्ण वाक्यार्थ आणि अध्याय-वचन यांचा उल्लेख करावा. जागा अपुरी पडत असेल तर नावे निम्मी करावीत. मीखाएलची दुरुस्ती मात्र पुढच्याच रविवारी यावी, कारण ती यादी कापून ठेवलेल्या एखाद्या घरात बाळाचे नाव ठरायला तेवढाही वेळ उरलेला नसेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक